सातवीतून आठवीत जाताना : पालकांची पूर्वतयारी

जयंतीच्या किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात दहावी-बारावीला चांगले गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांचा सत्कार करण्याची प्रथा आपल्या समाजात चांगलीच रुजली आहे. पुष्पगुच्छ, प्रमाणपत्र, बाबासाहेबांचे एखादे पुस्तक आणि आईवडिलांसह व्यासपीठावर काढलेला फोटो. हा सोहळा व्हायलाच पाहिजे. परंतु सत्काराची नावे वाचली जात असताना आमच्या मनात दुसरी एक यादी येते. याच मुलांबरोबर ज्यांची नावे पहिलीत घातली गेली, पण जी सातवीनंतर पुढे गेलीच नाहीत, किंवा आठवी-नववीच्या पहिल्या सहामाहीतच घरी बसली, त्यांची ती यादी. ती कोणी वाचून दाखवीत नाही.

ही मुले बुद्धीने कमी होती असे म्हणता येत नाही. त्यांच्यापैकी कित्येकांचे अक्षर आणि पाढे सत्कार झालेल्या मुलांच्या तोडीचे होते. मग झाले काय? प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी दाखला दिला. त्यांच्या लेखी मूल पुढच्या शाळेत गेले. पुढच्या शाळेच्या सरांनी त्याला चार-सहा आठवडे पाहिले, नावही नीट पाठ झाले नव्हते, तोच ते येईनासे झाले. दोन्ही शाळांत त्या मुलाला ओळखणारी माणसे म्हणजे फक्त त्याचे आईवडील. म्हणून या एका वर्षाची तयारी ‘मास्तर पायतीन’ म्हणून सोडून देता येत नाही. ती पालकांनाच करावी लागते आणि जूनची वाट न पाहता सातवीच्या दुसऱ्या सत्रातच तिला हात घालावा लागतो. इंझोरी व परिसरातील खेड्यांतल्या पालकांना या कामी उपयोगी पडेल असे जे आम्हाला माहीत आहे, ते प्रस्तुत लेखात मांडत आहोत. कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या तरुणांनीही तो वाचावा, कारण घरातल्या धाकट्या भावंडांचे कागदपत्र बहुधा त्यांच्याच हातून भरले जातात.

आमच्या आधीच्या पिढीत ‘सातवी फायनल’ हा फार मोठा शब्द होता. सातवीची फायनल पास झालेला माणूस प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शकत असे. गावात पत्र वाचायला, अर्ज लिहायला लोक त्याच्याच दारी येत. त्या काळाचा ठसा अजून पुसला गेलेला नाही. ‘पोरगं सातवी शिकलं, आता वावरात लागलं तरी चालते,’ हे वाक्य म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून आजही ऐकू येते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या काळी सातवीची तेवढी किंमत होतीच. आज मात्र सातवीच्या दाखल्यावर शिपायाचीही नोकरी मिळणे कठीण, आणि आयटीआयच्या बहुतेक व्यवसायांना दहावी लागते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा निदान बाराव्या वर्षापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. सातवी संपते तेव्हा मूल साधारण बारा-तेरा वर्षांचे असते. म्हणजे जोतीरावांनी मागितलेले निदान तेवढे तरी आपल्या वाट्याला आले आहे. २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ही मर्यादा चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत गेली. पालकांनी येथेच नीट लक्ष द्यावे. कायद्याची सोबत आठवीला संपते. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत, शासनाची मोफत पाठ्यपुस्तकेही आठवीपर्यंतच. नववीत पुस्तके विकत घ्यावी लागतात. ज्या घराने फक्त आठवीच्या प्रवेशाचा विचार केला, त्या घराला नववीचा जून अचानक अंगावर आल्यासारखा वाटतो, आणि मूल बसते ते बहुधा याच वेळी. तेव्हा तयारी करायची ती आठवी ते दहावी अशा सलग तीन वर्षांची करावी.

आणखी एक गोष्ट. पूर्वी आठवीपर्यंत कोणाला नापास करीत नसत, म्हणून ‘वर तर जाईलच’ असे गृहीत धरले जाई. महाराष्ट्रात २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि त्यात उत्तीर्ण होण्याची अट आली आहे. अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा एकदा परीक्षेची संधी मिळते, पण त्यातही राहिला तर मूल त्याच वर्गात बसते. म्हणजे नव्या शाळेतले पहिलेच वर्ष परीक्षेचे वर्ष आहे.

या विषयावर विचार करताना सुभेदार रामजी आंबेडकर डोळ्यांपुढे येतात. बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाविषयी आपण पुष्कळ बोलतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. तेथील रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा’ या नावाने त्यांची नोंद आहे. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळते. पण तो प्रवेश इंग्रजी पहिलीतला होता, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. त्या काळी मराठी इयत्ता संपवून मूल इंग्रजी पहिलीत गेले की त्याचे हायस्कूलचे शिक्षण सुरू होई. म्हणजे आज आपण ज्या बदलाविषयी बोलत आहोत, जवळपास तोच बदल भिवाच्या आयुष्यात त्या दिवशी झाला.

त्या शाळेत त्याला इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर तहान. अशा शाळेत मुलाला पाठवताना बापाने काय केले? रामजी स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी मुलांकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरीच पक्की करून घेतली. पुढे १९०४ च्या सुमारास बिऱ्हाड मुंबईला हलविले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागले. परळच्या डबक चाळीतली ती एकच खोली. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोपणे. रामजी मुलाला लवकर झोपवीत, स्वतः जागत, आणि रात्री दोनच्या सुमारास चाळ शांत असताना त्याला अभ्यासाला उठवीत. पुस्तकासाठी पैसे नसले तर मंजुळा आणि तुळसा या लग्न झालेल्या मुलींकडून उसने आणीत. प्रसंगी लेकीचा दागिना गहाण टाकण्यापर्यंत पाळी येई, पण पुस्तक घरात येई. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकरांची ओळख कशी झाली, तर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला मुलगा म्हणून. घरात जागा नव्हती, म्हणून मुलगा बागेत वाचत होता.

कोणी म्हणेल, रामजी सुभेदार होते, शिकलेले होते. आम्ही अंगठेबहाद्दर, आमचे काय? आक्षेप रास्त आहे. पण रामजींनी जे केले त्याची वाटणी करून पाहा. इंग्रजी शिकविणे एवढेच काम शिकलेल्या बापाचे. झोपण्या-उठण्याची वेळ ठरविणे, पुस्तकाच्या पैशाची आधी सोय लावणे, वाचायला जागा काढून देणे, या गोष्टींना अक्षरओळख लागत नाही. आमच्या पाहण्यात अशा माउल्या आहेत ज्यांना सही येत नाही, पण लेकीचा गृहपाठ झाल्याखेरीज टीव्ही लागत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सातवीच्या मुलाला पुढे कोठे घालायचे, हे फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरवावे. कोणी जवळच्या माध्यमिक विद्यालयात घालतात, कोणी मानोऱ्याला, कोणी कारंज्याला, तर कोणी मामाच्या गावी ठेवतात. आमचे मत विचाराल तर शाळेची इमारत आणि गणवेशाचा टाय पाहून शाळा ठरवू नये. एक दिवस मजुरी बुडाली तरी चालेल, पण आई किंवा बाबांपैकी एकाने शाळा चालू असताना तेथे जाऊन यावे. गणित आणि इंग्रजीला शिक्षक आहे की जागा रिकामी आहे, हे कोणत्याही वर्गातल्या मुलाला विचारले तरी कळते. मुलींचे स्वच्छतागृह वापरण्यासारखे आहे का, त्यात पाणी आहे का, हे आईने स्वतः पाहावे. वयात आलेल्या मुली महिन्यातून चार-पाच दिवस शाळा बुडवू लागतात त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते, आणि मुलगी ते बापाला सांगत नाही. अनुदानित शाळेत दहावीपर्यंत शिक्षण शुल्क नसते, हेही माहीत असू द्यावे, ‘फी किती?’ या धास्तीने काही पालक चौकशीलाच जात नाहीत.

सेमी-इंग्रजीचा प्रश्न हल्ली घरोघरी आहे. सेमीमध्ये गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून शिकवितात. शेजाऱ्याच्या पोराने घेतले म्हणून आपल्याही पोराला घालायचे, हे आम्हाला पटत नाही. अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतून असते, त्यामुळे ज्याला त्या वाटेने जायचे आहे त्याला सेमीचा उपयोग होतो, हे खरे. पण ज्या मुलाला सातवीच्या इंग्रजी पुस्तकातला उतारा अडखळत का होईना वाचता येत नाही, त्याला सेमीत घातले तर त्याचे इंग्रजीही जाते आणि गणितही जाते. मुलाला वाचायला लावून पाहावे, त्याच्या गुरुजींना विचारावे आणि मग ठरवावे. विषय निवडताना मुलाच्या आवडीलाही जागा असावी. बाबासाहेबांना हायस्कुलात संस्कृत शिकायचे होते. जातीमुळे ते नाकारले गेले आणि त्यांना फारशी घ्यावी लागली. आज कोणताही विषय आपल्या मुलाला बंद नाही. असे असताना ‘आपल्याला ते जमत नाही’ म्हणून आपणच एखादे दार लावून घ्यावे, हे बरे दिसत नाही.

मुलाची तयारी किती आहे, हे निरक्षर पालकालाही पाहता येते. प्राथमिक शाळेत एकच गुरुजी बरेचसे विषय शिकवितात आणि मूल कोठे अडते ते त्यांना माहीत असते. माध्यमिक शाळेत दर तासाला शिक्षक बदलतो. मागचे राहिले असेल तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून सातवीची परीक्षा झाली की घरी तीन गोष्टी पाहाव्यात. मुलाला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावावे आणि काय वाचले ते आपल्या शब्दांत सांगायला लावावे. ज्याला सांगता येत नाही, त्याचे वाचन झालेले नाही. दुसरे, घरचाच हिशेब घालावा. सोयाबीन तीन क्विंटल चाळीस किलो झाले, भाव चार हजार दोनशे रुपये क्विंटल, तर किती पैसे आले? चौदा हजार दोनशे ऐंशी हे उत्तर मुलाने कागदावर काढले पाहिजे, मोबाईलवर नव्हे. यात अडला तर भागाकार, दशांश आणि अपूर्णांक कच्चे आहेत असे समजावे. आठवीचे सगळे गणित त्यावरच उभे आहे, आणि नववीत तर बीजगणित व भूमिती अशी दोन वेगळी पुस्तके येतात. तिसरे, इंग्रजीत स्वतःचे नाव, आईचे व वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा न चुकता लिहिता यावे. हसू नये, सातवी पास झालेल्या मुलांचे बँकेतले अर्ज आम्ही रोज पाहतो.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. म्हणजे परीक्षेनंतर चांगले दोन महिने हातात असतात. त्यातला सकाळचा एक तास जरी राहिलेल्या गणिताला आणि वाचनाला दिला तरी मूल आठवीच्या वर्गात ताठ मानेने बसते. आठवीची जुनी पुस्तके वरच्या वर्गातल्या मुलाकडून उन्हाळ्यातच मिळतात. गाईड मात्र आधी घेऊ नये. पुस्तक न उघडता गाईड उघडायची सवय लागली की ती दहावीपर्यंत सुटत नाही.

पैशाविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण आम्ही बँकेत कारकुनी करतो आणि दर वर्षी जूनमध्ये तेच चित्र काउंटरपलीकडे दिसते. आपल्या भागात शाळा उघडण्याची आणि पेरणीची वेळ एकच. सोयाबीन, तूर, कपाशीचे बियाणे, खत, मशागत यात घरातला होता नव्हता तेवढा पैसा गेलेला असतो, पीक कर्जाची रक्कम आली असली तरी तिला दहा वाटा फुटलेल्या असतात, आणि त्याच आठवड्यात मुलगा गणवेश, दप्तर, कंपासपेटी, वह्या मागतो. मजुरी करणाऱ्या घराचीही तीच गत, कारण उन्हाळ्यात काम नसते. मग गणवेश ऑगस्टवर जातो, मुलगा गणवेश नाही म्हणून मागच्या बाकावर बसतो, आणि काही दिवसांनी तेथेही बसत नाही. यावर उपाय जूनमध्ये सापडत नाही. तो दिवाळीच्या आसपास करावा लागतो. सोयाबीन विकले की त्यातले दोन-तीन हजार रुपये मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावेत आणि मुदत जूनच्या पहिल्या आठवड्यात संपेल अशी घ्यावी. मजुरी करणाऱ्यांनी आवर्ती ठेव उघडून महिन्याला शंभर-दोनशे भरावेत. बायकांचा बचत गट असेल तर गटात आधीच सांगून जूनचे अंतर्गत कर्ज शाळेसाठी ठेवून घ्यावे. सावकाराकडे वहीसाठी जाण्याची वेळ कोणावर येऊ नये.

मुलाचे स्वतःचे बँक खाते सातवीतच उघडावे. दहा वर्षांवरील मुलाला आपले बचत खाते स्वतः चालविण्याची मुभा बँका देऊ शकतात, असे रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच सांगितले आहे. पैसे काढण्याची स्लिप मुलाने स्वतः भरावी. त्याइतका चांगला धडा नाही. शिष्यवृत्तीची रक्कम आता थेट खात्यात येते आणि ती आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. घरोघरी होणारा घोटाळा असा की शाळेत एका खात्याचा क्रमांक दिलेला, आधार जोडलेले भलत्याच खात्याला, आणि ते खाते केवायसीअभावी बंद पडलेले. पैसे आले नाहीत म्हणून पालक शाळेत भांडतात, शाळा बँकेकडे बोट दाखविते. खाते आधारशी जोडले आहे का, हे जूनपूर्वी बँकेत येऊन एकदा विचारून घ्यावे. मुलाच्या पंधराव्या वर्षी आधारमधील बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद पुन्हा करून घ्यावी लागते, तेही नववी-दहावीतच येते.

त्याहून मोठा घोळ नावाचा. शाळेच्या रजिस्टरात नाव एक, आधारवर दुसरे, पासबुकावर तिसरे. सिद्धार्थ नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादा ‘एच’ इकडे असतो आणि तिकडे नसतो. वडिलांचे नाव एके ठिकाणी पूर्ण, दुसरीकडे घरी हाक मारतात ते. जन्मतारखेचेही तसेच. प्राथमिक शाळेचा दाखला घेण्यापूर्वी पालकांनी मुख्याध्यापकांकडे जाऊन दाखल-खारीज रजिस्टरातली आपल्या मुलाची नोंद डोळ्यांनी पाहावी, वाचता येत नसेल तर कोणाकडून वाचून घ्यावी, आणि चूक असेल तर मूल त्या शाळेत असतानाच रीतसर अर्ज देऊन दुरुस्त करून घ्यावी. हीच नोंद पुढच्या शाळेत उतरते, तीच दहावीच्या प्रमाणपत्रावर छापली जाते, आणि शाळा सोडल्यानंतर ती बदलणे फार कठीण होऊन बसते. दाखल्यासाठी कोणी अडवणूक करीत असेल तर हेही सांगतो की, शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला एवढ्या कारणावरून दुसऱ्या शाळेला प्रवेश अडविता येत नाही.

जातीच्या दाखल्याचा विषय आपल्या समाजापुरता थोडा वेगळा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली आणि आपण बौद्ध झालो. राज्य शासनाच्या सवलती नवबौद्धांना आधीपासून होत्या, परंतु केंद्राच्या यादीत बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींचा समावेश १९९० च्या घटना (अनुसूचित जाती) आदेश सुधारणा कायद्याने झाला. म्हणून आजही दाखला काढताना धर्म बौद्ध लिहिला तरी मूळ जातीचा पुरावा मागतात, आणि अनुसूचित जातीच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो. तो पुरावा घरात कोठे असतो? आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात, जमिनीच्या जुन्या कागदात किंवा तहसीलमधून मिळणाऱ्या कोतवाल बुकाच्या नकलेत. जुन्या कागदांवर जिल्हा अकोला लिहिलेला दिसेल, त्याने गोंधळू नये. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या नोंदी अकोल्याच्याच असणार. ही कागदांची जुळवाजुळव करायला महिना-दोन महिने सहज लागतात. ज्यांनी ती बारावीपर्यंत लांबविली त्यांची जात पडताळणीच्या वेळी होणारी धावपळ आपण सगळेच पाहतो. आठवीच्या उन्हाळ्यात उपविभागीय अधिकाऱ्यांचा दाखला हातात असला तर पुढचे सगळे सोपे जाते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखलाही त्याच फेरीत काढावा.

याची गरज लगेच पडते. आठवीत गेल्यावर काही महिन्यांतच राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेचे, म्हणजे एनएमएमएसचे अर्ज भरतात. शासकीय, जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी ही परीक्षा आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि मुलाला सातवीत ५५ टक्के, अनुसूचित जातीच्या मुलाला ५० टक्के गुण पाहिजेत. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नववीच्या पुस्तकांची चिंता वर केली, तिचे उत्तर आठवीतल्या या एका अर्जात असू शकते. पण आठवीत मूल नवखे, पालक नवखे, शाळेला मूल अनोळखी, आणि अर्जाची तारीख निघून जाते. निवड झाली नाही तरी नववी-दहावीतल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहेच. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर घरून जाणाऱ्या विद्यार्थ्याला ती वर्षाला ३,५०० रुपये मिळते. पाचवी ते दहावीच्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. जाता जाता, ज्यांचे धाकटे मूल पाचवीत आहे त्यांनी वाशिमच्या जवाहर नवोदय विद्यालयाचा अर्ज चुकवू नये. सहावीच्या त्या प्रवेशात निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात.

शाळा दुसऱ्या गावी असेल तर जाण्यायेण्याचा प्रश्न येतो, आणि मुलींची शाळा सुटण्याचे हे मोठे कारण. एस.टी.ची अहिल्याबाई होळकर योजना ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत पास देते. मुलांनाही प्रवासभाड्याच्या एक तृतीयांशच पैसे भरावे लागतात. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी बसगाड्या आणि आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान अशी सोय आहे, शाळेतच विचारावे. एकटीदुकटी मुलगी पाठवायला मन धजत नाही, हे आम्ही समजू शकतो. अशा वेळी गल्लीतल्या चार मुलींच्या आयांनी एकत्र बसून एकाच शाळेत नावे घालावीत. चौघी बरोबर जातात, बरोबर येतात, आणि एकीला घरी बसवायची वेळ आली तर बाकीच्या तिघींच्या आया विचारायला येतात. दूरच राहायचे असेल तर वसतिगृह आहे. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तिच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ मध्ये सोलापुरात काढलेले हायस्कूलच्या विद्यार्थ्यांचे वसतिगृह. खेड्यातला मुलगा कोठे अडतो ते त्यांना ठाऊक होते. आज समाजकल्याण विभागाची शासकीय वसतिगृहे आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी निवासी शाळा आहेत. त्यांचे अर्ज उन्हाळ्यातच निघतात आणि वर सांगितलेले दाखले तेथेही लागतात.

शाळा सुरू झाल्यावरचे पहिले दोन महिने नाजूक असतात. ओळखीची मुले दुसऱ्या तुकडीत जातात, सरांची भीती वाटते, प्रश्न विचारायला जीभ वळत नाही. आपल्या मुलाला आणखी एक गोष्ट सोसावी लागू शकते. गोणपाट गेले, नळ सर्वांचा झाला. पण ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा’ असे भर वर्गात म्हटले जाते तेव्हा तेरा वर्षांच्या मुलाला काय वाटते, हे ज्याच्यावर आले त्यालाच माहीत. शिष्यवृत्ती म्हणजे भीक नव्हे, हे मुलाला घरातच समजावून सांगितलेले असावे, आणि शाळेत तसे घडले असे त्याने सांगितले तर ‘जाऊ दे’ म्हणून गप्प बसवू नये. पालकाने मुख्याध्यापकांना शांतपणे भेटावे, शक्यतो गावातला एखादा जाणता माणूस बरोबर घेऊन. एकदा भेटले की पुष्कळ ठिकाणी प्रकार थांबतो. रोज संध्याकाळी ‘आज काय शिकवलं’ एवढे विचारावे. उत्तर नीट कळले नाही तरी हरकत नाही; विचारणारे कोणी आहे हे मुलाला कळले पाहिजे.

अभ्यासाला जागा हा आपल्या घरांचा जुना प्रश्न. दोन खोल्यांत सहा माणसे आणि टीव्ही. गावातले बुद्धविहार संध्याकाळी दोन तास उघडे राहिले, एक चांगला दिवा आणि चार सतरंज्या असल्या, तर आठवी-नववीच्या मुलांची सोय होते. मोठ्या खर्चाचे काम नाही. किल्ली कोणाकडे राहील आणि वीजबिल कोण भरील, एवढेच ठरवावे लागते. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या तरुणांनी पाळीपाळीने आठवड्यातून दोन संध्याकाळी तेथे बसून गणित आणि इंग्रजी घेतले तर गावाच्या मुलांना शिकवणीची फी पडणार नाही. मुली येणार असतील तर एखादी उपासिका तेथे बसावी, म्हणजे घरच्यांचीही हरकत राहत नाही.

शेवटी सोंगणीचा विषय. सोयाबीनची सोंगणी दिवाळीच्या आधी येते आणि पुढे कापसाची वेचणी सुरू होते. मजूर मिळत नाही, मिळाला तर दर परवडत नाही, म्हणून मूल आठ-दहा दिवस वावरात जाते. प्राथमिक शाळेत हे खपून जाई. गुरुजी राहिलेला धडा पुन्हा घेत. आठवीत दहा दिवसांत गणिताचे एक प्रकरण संपते आणि पुन्हा कोणी शिकवीत नाही. त्यात सहामाही परीक्षाही याच सुमारास असते. शेतकऱ्याची अडचण आम्हाला कळते आणि सुटीच्या दिवशी मुलाने वावरात हात लावण्यात काही वाईटही नाही. पण शाळेचे दिवस वाचवायचे असतील तर पेरणीच्या वेळीच दोन-तीन घरांनी आपसात ठरवून घ्यावे, की सोंगणीला मोठी माणसे एकमेकांच्या वावरात जातील आणि आठवीतले मूल रविवारीच येईल. तरीही दिवस बुडालेच तर त्याच आठवड्यात वर्गातल्या दुसऱ्या मुलाची वही आणून राहिलेले उतरवून घ्यावे, आणि न समजलेले उदाहरण खूण करून विहारातल्या अभ्यासाला न्यावे.